आक्षेपार्ह नाही

ओजसने गच्चीच्या कठड्यावर सहा बाटल्या मांडल्या,
पांढऱ्या काचेच्या, लांब मानेच्या.
आणल्या कॉलेज रोडच्या दुकानातून,
पण लेबलावर समुद्रापलीकडचं गाव,
आणि एकीची किंमत माझ्या पहिल्या पगाराच्या निम्मी.
"मावशी, तू सांग. तुझी जीभ सरकारी आहे."

आहेच.
एकतीस वर्षं बारा बंगल्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात
गंगापूर धरणाचं पाणी तोंडात घोळवलं मी
आणि बेसिनमध्ये थुंकलं,
रोज सकाळी, चहाच्या आधी,
कारण चहानंतर जीभ साक्षीला उपयोगाची नसते.
रजिस्टरात दोन रकाने: वास. चव.
दोन्हींत लिहायचं एकच,
आक्षेपार्ह नाही.

ओजस सावरगावच्या वायनरीत शनिवार-रविवार
मुंबईच्या पाहुण्यांना ग्लास फिरवायला शिकवतो.
एक घोट घेऊन म्हणाला, "हॅ, हे तर पाणी!"
सगळे हसले.
पाण्याची शिवी केलेली मला अजून सोसत नाही.
तुरटी किती, क्लोरीन किती, वाळूचे थर किती,
रात्रपाळीला कोण जागा आणि कोण झोपलेला,
एवढं सगळं जमून आलं
तर कुठे जिभेला काहीच लागत नाही.

मी म्हटलं, माझा ग्लास बाजूला ठेवा.
निवू नका देऊ, तापू द्या जरा.
गायधनींचा नीलेश कळवळला, "मावशी, बिअर आहे, काढा नाही!"
पण आमचे पेखळे म्हणायचे,
गार पाणी गोड बोलतं बाई,
कोमट झालं की खरं बोलतं.

भद्रकालीतून आणलेला चिवडा संपत आला.
म्हसरूळच्या अंगाला, गजपंथाच्या डोंगरावर दिवे लागले.
फेस कधीच निघून गेला होता.
रंग: हळदीचा हात धुतल्यावर
पातेल्यात उरतो तेवढा.

मग घेतला घोट.
आधी तांदळाचं धुवण.
मग मक्याचं कणीस उकडून काढल्यावरचं पाणी.
कडूपणा नावाला; मेथी नव्हे,
मेथी ठेवलेला डबा.
आणि सगळ्यात शेवटी, मागून, घशापाशी,
चाळीत आत कुठेतरी एकच कांदा बिघडावा,
बाहेरून ढीग कसा लालबुंद, आणि तरी,
तसं काहीतरी.

बनवणाऱ्याचा दोष नाही हा.
पांढरी काच, दुकानाची फळी,
ट्यूबलाइटखाली काढलेले महिने.
उजेडानेही नासतं काही काही.

असाच वास एकदा आला होता मला.
धरण तळाला गेलं होतं त्या मे महिन्यात.
चवीच्या रकान्यापाशी पेन धरून बसले होते,
साहेब म्हणाले, बाई, सिडकोला पुरतील एवढे टँकर नाहीत आपल्याकडे.
पेखळ्यांनी चूळ थुंकली, तोंड पुसलं,
खिडकीबाहेर बघत राहिले.
मी लिहिलं. दोन शब्द.
शहर प्यायलं.
कुणाला काही झालं नाही.
तेच जात नाही डोक्यातून,
की कुणाला काही झालं नाही.

"मग? दहापैकी किती?"
ओजसने चमचा वाजवला कठड्यावर.
दहापैकीचं मला येत नाही.
दुकानाचं बिल मागून घेतलं, पाठकोरं,
आणि नीलेशच्या मोबाइलच्या उजेडात लिहिलं:
रंग स्वच्छ. वास, कांदा एक.
आक्षेप आहे. किरकोळ.
खाली सही केली, तारीख घातली,
ती सवय जात नाही.

मग तो कोमट ग्लास संपवला.
थुंकले नाही.
तोवर ओजसने दुसरी उघडली होती,
बर्फातून काढलेली, काचेवर दव,
आणि काय सांगू,
कसली गोड बोलत होती.